पाहणीपासून सबमिशनपर्यंत: विद्यार्थी माहितीपटासाठी डिजिटल तंत्रज्ञान कसे वापरावे

माध्यम-अभ्यासाच्या पदवी अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांच्या गटाला अनेकदा पाच ते दहा मिनिटांचा माहितीपट करायचा असतो आणि त्यासोबत निर्मितीप्रक्रियेचे जर्नल सादर करायचे असते. या जर्नलमधले डिजिटल तंत्रज्ञानाचे प्रकरण बहुतेक वेळा साधनांच्या यादीपाशीच संपते: मोबाइल कोणता, माइक कोणता, सॉफ्टवेअर कोणते. यादी वाचून परीक्षकाला विद्यार्थ्याच्या विचाराबद्दल काहीच कळत नाही. एखादे साधन किंवा एखादे सेटिंग निवडल्यामुळे कोणते दृश्य, कोणता आवाज आणि कोणता अर्थ हाती आला, आणि ते निवडले नसते तर काय गमावले असते, हे त्याला समजायला हवे. ही कारणे शूट संपल्यावर आठवून लिहिता येत नाहीत. निर्णय घेतला त्याच दिवशी ती दोन-चार ओळींत नोंदवावी लागतात. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर काय करावे हे सांगताना काय नोंदवावे हेही सांगितले आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, गटाने पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हा विषय निवडला आहे. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही जुनी वस्ती आहे. भांड्याच्या पृष्ठभागावर हातोडीने एकसारखे ठोके देत जाण्याच्या कामाला तिथे मठारकाम म्हणतात. ठोक्यांचा आवाज मोठा, आत उजेड कमी, दारातून येणारा प्रकाश तीव्र आणि चित्रित करायची वस्तू चकाकणारी, अशा सगळ्या अडचणी या विषयात एकत्र येतात. विषय वेगळा असला, तरी यातले बहुतेक प्रश्न आपल्यालाही पडतीलच.

पाहणी

पहिल्या भेटीत शूट करू नये. मोबाइल सोबत असावा, पण तो नोंदवहीसारखा वापरावा. एकाच जागेची छायाचित्रे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घ्यावीत, म्हणजे दारातला प्रकाश कोणत्या वेळी कामाच्या जागेवर पडतो हे कळते. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून मिनिटभर ऐकावे आणि तेवढेच ध्वनिमुद्रण करावे. कानाला सवयीने न जाणवणारा पंखा, रस्त्यावरची वाहतूक, शेजारच्या दुकानातला रेडिओ हे सगळे मुद्रणात स्पष्ट ऐकू येते. काम कधी सुरू होते, जेवणाची सुट्टी कधी असते, आळीत शांतता कोणत्या वेळी असते, हे कारागिरांनाच विचारावे. मुलाखतीचे वेळापत्रक याच उत्तरांवर ठरते.

संमतीचे बोलणेही याच भेटीत व्हावे. माहितीपट कुठे दाखवला जाईल, फक्त वर्गात की इंटरनेटवरही, हे साध्या शब्दांत सांगून लेखी संमती घ्यावी. लिहिण्यापेक्षा बोलणे ज्यांना सोयीचे वाटते, त्यांची संमती कॅमेऱ्यासमोर नोंदवावी. चौकटीत अठरा वर्षांखालील मूल येणार असेल, तर पालकांची परवानगी आवश्यक समजावी. रेल्वे स्थानक, सरकारी इमारत किंवा संरक्षित स्मारक यांसारख्या जागी शूट करायचे असेल, तर परवानगीचे पत्र महाविद्यालयामार्फत बरेच आधी पाठवावे, कारण उत्तर यायला वेळ लागतो.

एका पानावरचे तांत्रिक निर्णय

गटात तीन-चार मोबाइल असतात आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी असते. एकाचे फुटेज सेकंदाला ३० फ्रेमचे, दुसऱ्याचे ६० चे, तिसऱ्याचे एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारे) असे झाले की एडिटच्या टेबलावर त्यांचा मेळ बसता बसत नाही. म्हणून शूटच्या आधी सर्वांसाठी एकच पान तयार करावे आणि त्यावर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो), रिझोल्यूशन (चित्रातल्या बिंदूंची संख्या), ध्वनीचा दर आणि फायलींची नावे देण्याची पद्धत लिहावी.

भारतात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाच्या शटरवर चित्रण केले, तर पडद्यावर सरकणारे पट्टे किंवा थरथर दिसू शकते. २५ फ्रेम आणि १/५० सेकंद हे गणित आपल्याकडच्या विजेशी जुळते. आयफोनमध्ये पाल (२५ फ्रेमवर आधारलेली जुनी टीव्ही पद्धत) स्वरूपे दाखवण्याचा पर्याय सुरू केला की २५ फ्रेम उपलब्ध होतात. इतर मोबाइलवर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही मोफत ॲप वापरून पाहावीत, मात्र दुसरे ॲप प्रत्येक फोनवर चालतेच असे नाही. २५ फ्रेम मिळतच नसतील, तर सर्वांनी ३० वर एकमत करावे आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे. उघड्या उन्हात १/५० शटरने चित्र पांढरे पडते. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच, लावावा, आणि तो नसेल तर शटर वाढवण्यास हरकत नाही, कारण सूर्यप्रकाशाला विजेची थरथर नसते.

रिझोल्यूशनचा निर्णय साठवणुकीच्या हिशोबासह घ्यावा. सेकंदाला ५० मेगाबिट दराचे फोर-के फुटेज मिनिटाला सुमारे ३७५ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे दोन तासांचे फुटेज ४५ गिगाबाइट होते. २० मेगाबिट दराच्या १०८० फुटेजला मिनिटाला १५० मेगाबाइट लागतात आणि तेच दोन तास १८ गिगाबाइटमध्ये मावतात. अंतिम माहितीपट १०८० मध्येच द्यायचा असेल, तर सगळे फोर-के मध्ये घेण्याची गरज नाही. मुलाखत मात्र फोर-के मध्ये घेण्याचा मोठा फायदा आहे. त्या चौकटीची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट असल्याने एकाच मोबाइलच्या चित्रणातून एडिटमध्ये मध्यम आणि जवळचे असे दोन शॉट काढता येतात. एकच मोबाइल उपलब्ध असलेल्या गटाला हा निर्णय फार उपयोगी पडतो आणि जर्नलमध्ये सांगण्यासारखाही असतो.

एचडीआर चित्रण बंद ठेवावे. ते सुरू राहिले तर एडिटिंग सॉफ्टवेअरच्या साध्या टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने लावायच्या पट्टीवर) चित्राचे पांढरे भाग जळल्यासारखे किंवा रंग फिके दिसतात. डिजिटल झूम वापरू नये, पायांनी पुढे जावे. एक्स्पोजर (चित्राचा उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा समतोल) कुलूपबंद करावेत. तांब्याच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे: व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला की तांबड्या भांड्याने चौकट भरताच मोबाइल रंग ‘सुधारायला’ लागतो आणि एकच भांडे एका शॉटमध्ये तांबडे, दुसऱ्यात करडे दिसते. धातूचा रंग हाच ज्या माहितीपटाचा आशय आहे, तिथे ही चूक परवडणारी नाही.

आवाज

विद्यार्थी माहितीपट बहुतेक वेळा आवाजामुळे पडतात. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतात, पण न समजणारे बोलणे कोणी मिनिटभरही ऐकत नाही. गटाकडे थोडेच पैसे असतील, तर ते लेन्सवर किंवा गिंबलवर (मोबाइल स्थिर धरणाऱ्या दांडीवर) खर्च न करता कॉलर माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाइलमधला माइक बोलणाऱ्यापासून दोन मीटर दूर असतो आणि खोलीतला प्रत्येक आवाज तितक्याच आस्थेने टिपतो. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावला की बोलणे पुढे येते आणि परिसर मागे जातो. माइकची तार कपड्याच्या आतून घ्यावी, आणि गळ्यातली साखळी, ओढणी किंवा उपरणे माइकला घासत नाही ना, हे हेडफोन लावून तपासावे. बिनतारी माइक असेल तर त्याची बॅटरी आदल्या रात्री चार्ज करावी. गर्दीच्या जागी आवाज मध्येच तुटतो का हे दहा-पंधरा पावले चालून पाहावे. माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून तो मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवणे हा स्वस्त आणि विश्वासार्ह मार्ग आहे. त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रणाचे ॲप ४८ किलोहर्ट्झ आणि शक्यतो २४ बिट वेव्ह फाइलवर ठेवावे. अशा एकपदरी (मोनो) मुद्रणाला मिनिटाला नऊ मेगाबाइटही लागत नाहीत, त्यामुळे आवाजाच्या फायलींत काटकसर करण्याचे कारण नाही. दोन्ही मोबाइल विमान मोडवर ठेवावेत, म्हणजे मध्येच फोन येणार नाही.

आवाज वेगळा घेतला की तो चित्राशी जुळवावा लागतो. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला चौकटीत स्पष्ट दिसेल अशी एक टाळी वाजवावी. एडिटमध्ये टाळीचा टोकदार उंचवटा आणि हात एकत्र येण्याची फ्रेम जुळवली की काम झाले. दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे लांब मुद्रणात ओठ आणि आवाज हळूहळू सुटे पडतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही थांबवून नव्याने टाळी द्यावी.

पातळीबाबत एक सोपा नियम पाळावा: बोलण्याचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावे. शून्याला, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेला, धडकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. तांबट आळीत खरी कसोटी इथेच लागते. बोलणे आणि हातोडीचा ठोका यांच्या तीव्रतेत फार मोठा फरक आहे. मोबाइलची स्वयंचलित पातळी ठोका पडताच आवाज दाबते आणि पुढच्या क्षणी परत वर आणते, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये मागचा गोंगाट भरतीसारखा चढत जातो. हे टाळण्यासाठी पातळी हाताने ठरवता येईल असे ॲप वापरावे आणि बोलणे व ठोके वेगवेगळे मुद्रित करावेत. मुलाखत आळी शांत असलेल्या वेळी, शक्यतो कपडे, गाद्या किंवा पडदे असलेल्या खोलीत घ्यावी, कारण उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो.

ठोक्यांसाठी स्वतंत्र वेळ राखावा. एकच काम तीन अंतरांवरून मुद्रित करावे: हातोडीजवळून, खोलीच्या दारातून आणि आळीच्या तोंडाशी. जवळच्या मुद्रणासाठी पातळी बरीच खाली घ्यावी. या तीन मुद्रणांमुळे एडिटमध्ये प्रेक्षकाला आळीबाहेरून आत, आणि आतून थेट भांड्यापर्यंत नेता येते, आणि त्यासाठी कॅमेऱ्याची कोणतीही कसरत लागत नाही. पत्रा पातळ होत जाताना किंवा भांड्याचा आकार बंद होत जाताना ठोक्याचा स्वर बदलतो का, हे कारागिराला विचारून ऐकावे आणि तोच बदल मुद्रणात पकडण्याचा प्रयत्न करावा. असा शोध लागला तर माहितीपटाची रचनाच आवाजावर उभी करता येईल.

प्रत्येक जागेवर कोणी न बोलता तीस ते साठ सेकंद नुसती शांतता मुद्रित करावी. तिला रूम टोन म्हणतात. मुलाखतीतला अडखळलेला शब्द कापल्यावर जी पोकळी उरते, ती याच शांततेने भरतात. ती नसेल तर प्रत्येक कट कानाला खटकतो. विद्यार्थी हा टप्पा संकोचामुळे वगळतात, कारण पाहुण्यांसमोर मिनिटभर गप्प उभे राहणे अवघड वाटते. काय करतो आहोत हे आधी सांगितले की कोणी हरकत घेत नाही.

शूट

प्रत्येक कामाचे चित्रण दूरचा, मध्यम आणि जवळचा अशा तीन आकारांत घ्यावे आणि प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरावा. मोबाइल ट्रायपॉडवर नसेल, तर भिंतीला किंवा खांबाला टेकून उभे राहावे. हात, चेहरा, हत्यार, वस्तू आणि वस्तूकडे पाहणारे डोळे एवढे शॉट हातात असले की मुलाखतीतला कोणताही कट झाकता येतो.

मुलाखतीच्या वेळी कारागिराला दाराकडे पाठ करून बसवू नये. मागे उजेड असला की चेहरा काळा पडतो किंवा दार पांढरेफटक होते. खुर्ची फिरवून दाराचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येऊ द्यावा. इतका चांगला दिवा भाड्याने मिळणेही कठीण असते. चकचकीत भांड्यात स्वतःचे आणि मोबाइलचे प्रतिबिंब दिसते. थोडे तिरपे उभे राहून आणि गडद कपडे घालून ते बरेच टाळता येते.

स्लो मोशन वापरण्यापूर्वी त्यातून काय दिसणार आहे, हा प्रश्न विचारावा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १०० फ्रेमचे चित्रण चौपट संथ दिसते. ठोक्याखाली धातू कसा दबतो, हातोडी उचलताना मनगट कसे वळते, हे त्यातून समजत असेल तर ते जरूर घ्यावे. मात्र विजेच्या दिव्याखाली इतक्या वेगाच्या चित्रणात थरथर दिसण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ते दिवसाच्या उजेडात घ्यावे. टाइम-लॅप्सचेही तसेच. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल उभे करताना रोपाच्या वाढीचे चित्रण काही काळाच्या अंतराने एकेक फ्रेम घेऊन केले होते, आणि त्या तंत्राने जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवले होते. सपाट पत्र्यापासून भांडे उभे राहण्याचे अख्ख्या दिवसाचे काम टाइम-लॅप्सने पंधरा सेकंदांत दाखवता येते. ढगांचे टाइम-लॅप्स या माहितीपटाला काहीच देणार नाहीत.

ड्रोनचा मोह अनेकांना होतो. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, तरी उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहून तो भाग कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येतो हे तपासणे आवश्यक आहे, आणि पुण्यात लष्कराशी संबंधित जागा व विमानतळ असल्याने तर अधिकच. त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की पेठेतली छपरे वरून पाहून मठारकामाबद्दल काहीच कळत नाही.

फायलींची शिस्त

शूटच्या दिवशी रात्री, कितीही थकवा असला तरी, सर्व फायली संगणकावर उतरवाव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या जागी, हा जुना नियम पाळावा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या सदस्याच्या घरी किंवा क्लाउडवर. तिन्ही ठिकाणच्या फायली उघडून पाहिल्याशिवाय मोबाइलमधले काहीही पुसू नये. फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, कारण ते पाठवताना दाबले जाते आणि गमावलेला दर्जा परत मिळत नाही. केबल, कार्ड रीडर किंवा क्लाउडची लिंक वापरावी.

फायलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर जागा, मोबाइलचा क्रमांक आणि क्लिपचा क्रमांक असावा. या क्रमामुळे फायली आपोआप तारखेनुसार लागतात. नावे रोमन अक्षरांत आणि रिकाम्या जागा न ठेवता द्यावीत, कारण काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडते. फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, प्रकल्प-फायली आणि एक्सपोर्ट यांचे फोल्डर एडिट सुरू होण्यापूर्वी ठरवावेत आणि नंतर हलवू नयेत. फोल्डर हलवला की टाइमलाइनवर ‘मीडिया ऑफलाइन’ असा लाल फलक येतो, आणि नेमका तो सबमिशनच्या आदल्या रात्री येतो.

याच वेळी सामायिक स्प्रेडशीटवर लॉग करावा. क्लिपचे नाव, त्यात काय आहे, आवाज वापरण्याजोगा आहे का आणि वापराची शक्यता किती, एवढे चार रकाने पुरतात. जर्नलला सर्वांत भक्कम पुरावा म्हणून हाच तक्ता जोडता येतो.

एडिट

सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपच्या कुवतीनुसार निवडावे. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती रंगकाम आणि ध्वनी या दोन्हींसाठी उत्तम आहे, पण तिला चांगले ग्राफिक्स कार्ड आणि शक्यतो १६ गिगाबाइट रॅम लागते. साध्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर अधिक सुखाने चालतात. फोर-के फुटेज अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या तात्पुरत्या प्रती, तयार करून त्यांवर एडिट करावे. अंतिम एक्सपोर्टमध्ये मूळ फुटेजच वापरले जाते. अनेक मोबाइल प्रकाशानुसार फ्रेम रेट किंचित बदलत राहतात आणि त्यामुळे आवाज सरकतो. अशी क्लिप हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून मगच टाइमलाइनवर घ्यावी.

टाइमलाइन उघडण्यापूर्वी मुलाखतीची संपूर्ण लेखी प्रत तयार करावी. मराठी बोलणे ओळखणारी स्वयंचलित साधने आता उपलब्ध आहेत आणि ती कच्चा मसुदा देतात. पण बोलीतले उच्चार, आडनावे आणि धंद्यातले शब्द यांत ती हमखास चुकतात, आणि तांबट आळीतल्या माहितीपटाचे मोल नेमके त्याच शब्दांत आहे. म्हणून मसुदा मूळ आवाज ऐकत ओळ न् ओळ तपासावा आणि हत्यारांची व प्रक्रियांची नावे कारागिराकडूनच खात्री करून घ्यावीत. मग छापील प्रतीवर हवी ती वाक्ये अधोरेखित करून कागदावरच क्रम लावावा. कागदावर जे उभे राहत नाही, ते टाइमलाइनवर क्वचितच उभे राहते.

आधी फक्त बाइट, म्हणजे मुलाखतीतली निवडलेली वाक्ये, क्रमाने लावून सात मिनिटांचा आवाज ऐकावा. डोळे मिटून गोष्ट समजली, तर पुढे जावे. मग दृश्ये, मग परिसरध्वनी, सर्वांत शेवटी संगीत, आणि तेही गरज असेल तर. या विषयात ठोक्यांना स्वतःची लय असताना पार्श्वसंगीत लावणे मला आशयावर अन्याय वाटतो. आवाज स्वच्छ करणारी साधने जपून वापरावीत. ऑडॅसिटी या मोफत ध्वनी-सॉफ्टवेअरमधील गोंगाट कमी करण्याची सोय रूम टोनचा नमुना घेऊन पंख्याची एकसुरी घरघर चांगली काढते, पण प्रमाण वाढले की बोलणे पाण्याखालून आल्यासारखे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने तर गोंगाटाबरोबर श्वास आणि शब्दांची टोकेही पुसतात. मूळ ट्रॅक नेहमी जपून ठेवावा आणि आधी-नंतरची तीस सेकंदांची तुलना जर्नलसोबत द्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली प्रतिमा किंवा आवाज माहितीपटात आला तर पडद्यावर तसे लिहावे. पेशवाईतली आळी दाखवण्यासाठी यंत्राने बनवलेले ‘जुने छायाचित्र’ पाटीविना वापरणे ही प्रेक्षकाची दिशाभूल आहे. त्याऐवजी जुना नकाशा, कुटुंबाकडचे छायाचित्र किंवा नुसते निवेदन अधिक प्रामाणिक असते.

देवनागरी अक्षरे आणि उपशीर्षके

शीर्षके आणि नावांच्या पट्ट्या युनिकोडमध्येच टाइप कराव्यात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे फाँट मोफत आहेत, मुक्त परवान्याचे आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात. जोडाक्षरे तुटून दिसत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर दोष टाइप करणाऱ्याचा नसून सॉफ्टवेअरच्या मजकूर-यंत्रणेचा असतो. ॲडोबी प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्व यंत्रणा निवडली की ही अडचण दूर होते. ‘त्र’, ‘ऱ्या’, ‘श्री’, ‘द्ध’ आणि ‘ट्ट’ एवढी अक्षरे टाइप करून कोणतेही सॉफ्टवेअर आधीच पारखून घ्यावे.

उपशीर्षकांची फाइल एसआरटी (वेळ आणि मजकूर असलेल्या साध्या फाइलच्या) स्वरूपात, यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये जतन करावी. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नसाव्यात आणि ओळ वाक्यरचनेला सोयीच्या ठिकाणी तुटावी. ‘तांब्याचा पत्रा’ यातला ‘तांब्याचा’ वर आणि ‘पत्रा’ खाली असे होऊ देऊ नये. इंग्रजी उपशीर्षके देताना धंद्यातला शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ दृश्यातून कळेल अशी मांडणी करावी.

हक्क

वापरलेल्या प्रत्येक परक्या गोष्टीची नोंद ती उतरवली त्याच क्षणी करावी: नाव, निर्माता, कुठून घेतली, परवाना कोणता. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी काही सवलती आहेत, पण माहितीपट सार्वजनिक संकेतस्थळावर टाकला की त्या सवलतीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून चित्रपटगीत वापरू नये. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातले किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स (निर्मात्याने ठरावीक अटींवर वापराची मुभा देणाऱ्या) परवान्याचे संगीत घ्यावे आणि परवान्यात श्रेयाची अट असेल तर श्रेयनामावलीत ती पाळावी. चित्रणाच्या वेळी मागे वाजत असलेले गाणेही याच कक्षेत येते. मुलाखतीआधी रेडिओ बंद करण्याची विनंती करण्याचे हे आणखी एक कारण.

जर्नलमधली नोंद

रोजच्या नोंदींतून प्रकरण लिहिताना प्रश्न, उपलब्ध पर्याय, निवड, परिणाम आणि उरलेली उणीव हा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ: ‘मोबाइलच्या स्वयंचलित पातळीमुळे दोन ठोक्यांमधला गोंगाट चढत होता. आवाज नंतर दुरुस्त करणे किंवा बोलणे व ठोके वेगळे मुद्रित करणे असे दोन पर्याय होते. आम्ही दुसरा निवडला. त्यामुळे मुलाखत स्वच्छ मिळाली आणि ठोके तीन अंतरांवरून मिळाले. पण कारागीर काम करता करता बोलतो तो सहजपणा हातचा गेला, म्हणून तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य कामाच्या गोंगाटातलेच ठेवले आहे.’ एवढ्या पाच वाक्यांत साधन, कारण आणि आशय तिन्ही येतात. सोबत टाइमलाइनचे छायाचित्र आणि रंगकामाच्या आधीची व नंतरची फ्रेम जोडावी. तोंडी परीक्षेत गटातल्या प्रत्येकाला कोणत्याही निर्णयाचे कारण सांगता यायला हवे. आवाज सांभाळणाऱ्यानेच आवाजाबद्दल बोलायचे, ही वाटणी परीक्षक मान्य करतीलच असे नाही.

एक्सपोर्ट आणि सुपूर्द करणे

वर्गात दाखवण्यासाठी एमपी-४ फाइल, एच-२६४ (व्हिडिओ दाबण्याची सर्वत्र चालणारी पद्धत), १९२० गुणिले १०८०, २५ फ्रेम आणि सुमारे १२ मेगाबिट दर पुरतो. सात मिनिटांची अशी फाइल साधारण ६३० मेगाबाइटची होते. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच ठेवावा आणि इंटरनेटसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आसपास आणावी. पेन ड्राइव्ह फॅट-३२ स्वरूपाचा असेल तर त्यावर चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल जात नाही. म्हणून मोठ्या दर्जाची मूळ प्रत एक्सफॅट स्वरूपाच्या डिस्कवर द्यावी.

एक्सपोर्ट झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी: एकदा हेडफोनवर, एकदा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि शक्य असेल तर महाविद्यालयाच्या सभागृहातल्या प्रोजेक्टरवर. प्रोजेक्टरवर अंधारी दृश्ये आणखी अंधारी दिसतात, आणि तांबट आळीतली अर्धी दृश्ये अंधारीच असणार आहेत. त्यामुळे रंगकामात सावल्या थोड्या उचलून दुसरी प्रत काढण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. सबमिशननंतर प्रकल्प-फाइल, फुटेज, लॉग आणि संमतिपत्रे एका डिस्कवर एकत्र ठेवावीत, आणि ज्या कारागिरांनी वेळ दिला त्यांना मोबाइलवर सहज उघडेल अशी लहान प्रत स्वतः जाऊन द्यावी. एखाद्या शब्दाचा किंवा नावाचा उच्चार चुकला असेल, तर तो ते तिथेच सांगतील. इंटरनेटवर टाकायची प्रत ती दुरुस्ती करूनच काढावी.